चिनी स्टार्टअपमध्ये पहिली दहा माणसं कशी जमतात? पिढीगणिक काय बदललं?

दख्खनी_वारा

डीपसीक, युनिट्री, मूनशॉट या चिनी एआय आणि रोबो कंपन्यांची नावं आता आपल्याकडेही रोज कानावर पडतात. चर्चा मात्र मॉडेल, चिप आणि सरकारी पैसा यापलीकडे जात नाही. कंपनीत पहिली दहा माणसं कुठून आली, कशाच्या बदल्यात आली आणि मधेच उठून गेली तर त्यांच्या वाट्याचं काय होतं, यावर मराठीत वाचायला जवळजवळ काहीच नाही. म्हणून हा धागा.

चीनमध्ये पिढ्या जन्माच्या दशकावरून मोजतात. साठ-सत्तरच्या दशकात जन्मलेल्यांनी माणसं जमवली ती ओळखीतून. सर्वात ठळक उदाहरण कुरिअरचं. शेनथोंग (१९९३), युंदा (१९९९), युआनथोंग (२०००) आणि चोंगथोंग (२००२) या चारही कंपन्यांचे संस्थापक च-च्यांग प्रांतातल्या थोंगलू या एकाच तालुक्यातले. भाऊ, मेहुणे, गाववाले. शाखा द्यायची तीही गावातल्याच माणसाला, कारण पैसे बुडवून तो जाणार कुठे? गावी तर यावंच लागेल.

इंटरनेटवाल्यांमध्ये गावाची जागा वर्गाने घेतली. टेन्सेंट (वीचॅटवाली कंपनी) नोव्हेंबर १९९८ मध्ये शेनचेनला सुरू झाली तेव्हा भागीदार पाच, भांडवल ५ लाख युआन. मा ह्वाथेंग ४७.५ टक्के, झांग चितोंग २०, झेंग लीचिंग १२.५, शू छेनये आणि चेन यीदान प्रत्येकी १०. झेंग सोडले तर बाकीचे शेनचेन विद्यापीठातले मित्र. ४७.५ हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. सर्वात मोठा वाटा एकाचा, पण निम्म्याच्या खाली, म्हणजे इतरांना सोबत घेतल्याशिवाय निर्णय होत नाही. अलीबाबाची गोष्ट वेगळी. १९९९ मध्ये हांगचौच्या हूपान गार्डनमधल्या फ्लॅटमध्ये अठरा जण, पगार महिना ५०० युआन. शेअरचे रीतसर करार झाले ते हाँगकाँगची गुंतवणूक कंपनीतली नोकरी सोडून आलेल्या जो त्साय यांच्यामुळे. तेही त्याच ५०० युआनवर आले.

ऐंशीच्या दशकातले लोक 'एकदा पडून उठलेला गट' घेऊन येतात. वांग शिंग (जन्म १९७९, म्हणजे उंबरठ्यावरचे) यांचे भागीदार वांग ह्वेवेन हे छिंगह्वा विद्यापीठातले खोलीसोबती. श्याओनेई, फानफोउ या आधीच्या साइट आणि मग २०१० मध्ये मेइथुआन (आज जेवण पोहोचवण्यासाठी प्रसिद्ध), असा प्रवास. टिकटॉकवाल्या बाइटडान्सचे झांग यिमिंग (१९८३) आणि लियांग रूबो हे नानकाई विद्यापीठातले खोलीसोबती. २०२१ मध्ये सीईओपद त्याच सोबत्याकडे गेलं.

नव्वदीनंतरच्यांकडे गट लहान, कागद आधी, आणि 'तू माझ्यासोबत दहा वर्षं राहा' अशी अपेक्षा जवळजवळ नाही. याला सगळे स्वभावातला फरक म्हणतात. मला वाटतं खरा बदल बाहेर पडण्याच्या वाटेत झाला. १९९८ मध्ये टेन्सेंट सोडून जायला दुसरी टेन्सेंट नव्हती. आज चांगल्या इंजिनिअरला त्याच रस्त्यावर चार दारं उघडी आहेत. जाणं सोपं झालं की जाण्याचे नियम आधी लिहावे लागतात.

जाणकारांनी भर घालावी, जमलं तर आकड्यांसकट.

---

ऊनपाऊस

चांगला विषय. पण पिढीच्या नावावर जे खपतं त्यातलं बरंचसं धंद्याच्या प्रकाराचं असतं, हे आधी नोंदवतो.

२०१०-११ मध्ये ग्रुप-बायिंगच्या, म्हणजे अनेकांनी मिळून सवलतीत खरेदी करायच्या, हजारो साइट निघाल्या. तिथे जिंकायला दुकानोदुकानी फिरणारी फौज लागत होती. मेइथुआनने २०११ मध्ये गान जियावेइ यांना अलीबाबाच्या विक्री विभागातून आणलं, कारण हजारो पोरांना रोज रस्त्यावर उतरवायचं कसं हे त्या विभागाला माहीत होतं. सकाळी बैठक, दिवसभराचं भेटींचं उद्दिष्ट, संध्याकाळी पुन्हा बसून कोणता दुकानदार का नाही म्हणाला यावर चर्चा. त्या विभागात कमिशनचा दर आधीच्या महिन्याच्या विक्रीवर ठरायचा. मागच्या महिन्यात जास्त विकलंत तर या महिन्यात दर चढा, त्यामुळे थांबायची सोय नाही. असा संघ उतरंडीशिवाय चालत नाही. संस्थापक कुठल्याही दशकात जन्मलेला असो.

याउलट भाषेचं मॉडेल बनवायला शंभर-दीडशे फार हुशार लोक आणि भरपूर चिप लागतात. तिथे उतरंड नडते. त्यामुळे आजच्या तरुण संस्थापकाने उद्या जेवण पोहोचवायचा धंदा काढला तर तोही फौजच उभी करेल.

---

सातबारा

दोघांचंही पटतं, पण कायद्याची बाजू आल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. चिनी संस्थापकांचे कागद पिढीगणिक बदलले ते मुख्यतः चार तारखांमुळे.

१ जून २००७: सुधारित भागीदारी कायदा लागू झाला आणि मर्यादित भागीदारी संस्था काढता येऊ लागली. २०१४: नोंदणीचं किमान भांडवल रद्द, आकडा नुसता लिहायचा, भरायची मुदत नाही. सप्टेंबर २०१६: लिस्ट न झालेल्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या शेअरवर कर विकतानाच, २० टक्के दराने. १ जुलै २०२४: नवा कंपनी कायदा, लिहिलेलं भांडवल पाच वर्षांत भरलंच पाहिजे.

शेवटच्या तारखेने बऱ्याच जणांची झोप उडवली. २०१४ नंतर रुबाबासाठी १ कोटी युआन भांडवल लिहिणारे खूप होते. त्यात २० टक्के वाटा असलेला भागीदार आज २० लाख युआन भरायला बांधील आहे. बरं, न भरलेला वाटा दुसऱ्याला विकून सुटकाही नाही. घेणाऱ्याने भरला नाही तर विकणाऱ्यावर पूरक जबाबदारी येते. म्हणून आता शहाणी मंडळी १ ते १० लाखांच्या आत आकडा ठेवतात. जुन्या कंपन्यांना ३० जून २०२७ पर्यंत मुदती जुळवून घ्यायची सवलत आहे.

आता वाटपाचा एक नमुना. तिघे संस्थापक, अ, ब आणि क. अ ५५, ब २०, क १०, उरलेले १५ कर्मचाऱ्यांसाठी राखीव. राखीव हिस्सा कुणा एकाच्या नावावर 'सांभाळायला' ठेवायचा नाही. त्यासाठी मर्यादित भागीदारी संस्था काढायची, तिचा व्यवस्थापक भागीदार म्हणजे अ-ची एक छोटी कंपनी, आणि कर्मचारी मर्यादित भागीदार. मत अ-कडे, आर्थिक लाभ कर्मचाऱ्यांकडे. अशा एका संस्थेत जास्तीत जास्त ५० जण. मुख्य कंपनीतही (एलएलसी, म्हणजे मर्यादित दायित्वाची खाजगी कंपनी असेल तर) भागधारक ५० च्याच आत.

५५ अधिक १५, म्हणजे अ-च्या हातात ७० टक्के मतं. कंपनीची नियमावली बदलणं, भांडवल वाढवणं, विलीनीकरण यांना दोन-तृतीयांश मतं लागतात, ती झाली. २०१४ मध्ये बीजिंगच्या वूदाओकोउ भागात निघालेली 'शी शाओये' ही रोउजियामोची (मांस भरलेल्या चिनी पावाची) साखळी आठवा. तिघे संस्थापक, ४०-३०-३०. दुकानापुढे रांगा लागल्या आणि काही महिन्यांतच तिघांचं फाटलं, एक बाहेर पडला. निम्म्याच्या वर कुणीच नसेल तर मतभेद मिटवायला नियम उरत नाही, उरते ती तिघांतल्या दोघांची युती. नव्वदीनंतरच्या संस्थापकांनी ही प्रकरणं विद्यार्थीदशेत वाचली आहेत, म्हणून समसमान वाटपाला ते फार लवकर नकार देतात.

पुढचं व्हेस्टिंग, म्हणजे वाटा काळानुसार थोडाथोडा कमावणं. चार वर्षं, पहिल्या वर्षाअखेर २५ टक्के, मग दरमहा. ब अठराव्या महिन्याला गेला तर ४८ पैकी १८, म्हणजे ३७.५ टक्के मिळाले. २० टक्क्यांतले ७.५ त्याचे, १२.५ परत. कागदावर सरळ आहे. घोळ पुढे होतो. चिनी एलएलसीत वाटा पहिल्या दिवसापासून ब-च्या नावावर नोंदलेला असतो, आणि परत घ्यायचा तर बाजार नियामक कार्यालयातली नोंद बदलावी लागते. त्यासाठी ब-ला स्वतःच्या फोनवरून चेहरा दाखवून ओळख पटवावी लागते. पूर्वी कोऱ्या कागदावर आधीच सह्या घेऊन ठेवायचे, तो उपाय आता चालत नाही. ब रुसून बसला तर खटला किंवा लवाद, आणि तोवर नवी गुंतवणूक अडकते, कारण कोणताही फंड वादातल्या शेअरवर सही करत नाही.

उपाय दोनच धड चालतात. एक, सहसंस्थापकाचा न कमावलेला हिस्साही त्या भागीदारी संस्थेत ठेवायचा आणि कमावला तसा त्याच्या नावावर करायचा. दुसरा, करारातच लिहायचं की नोंद बदलायला सहकार्य केलं नाही तर दर दिवसाला अमुक दंड, आणि तोवर त्या शेअरचं मत अ वापरेल. पहिला उपाय भक्कम आहे. सहसंस्थापकाला तो थोडा अपमानास्पद वाटू शकतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात बोलून घ्यावा. सहा महिन्यांनी काढलात तर संशय येतो.

---

माहेरची_वाट

@सातबारा, फार उपयोगी. विवाहित संस्थापकांच्या बाबतीत एक जोडते. तूदोउ या व्हिडिओ साइटने २०१० मध्ये अमेरिकेत लिस्टिंगचा अर्ज केला आणि लगेचच संस्थापकाच्या घटस्फोटाचा दावा लागला, शेअर गोठले. स्पर्धक योउकू डिसेंबर २०१० मध्ये लिस्ट झाली, तूदोउ ऑगस्ट २०११ मध्ये, तोवर बाजार पडला होता. तेव्हापासून जोडीदाराचं संमतिपत्र ही गुंतवणूकदारांची नेहमीची मागणी आहे. अविवाहित संस्थापकांकडूनही 'लग्न झाल्यावर अमुक दिवसांत सही आणून देईन' असं लिहून घेतात.

एक प्रश्न. शेअर परत घेण्याच्या कलमामुळे तरुण संस्थापक देशोधडीला लागल्याचं वाचते, ते व्हेस्टिंगपेक्षा वेगळं ना?

---

सातबारा

हो, पूर्ण वेगळं. ते गुंतवणूकदाराचं कलम आहे: ठरलेल्या मुदतीत, बहुधा पाच ते सात वर्षांत, कंपनी लिस्ट झाली नाही तर शेअर व्याजासह विकत घ्या. दर साधारण ८ ते १० टक्के. समजा २ कोटी युआन घेतले, ८ टक्के सरळ व्याज, सहा वर्षं. देणं २ कोटी ९६ लाख. घेणारा म्हणून कंपनीसोबत संस्थापकाचंही नाव असेल तर कंपनी बुडाल्यावर ते त्याच्या अंगावर. न्यायालयाच्या थकबाकीदार यादीत नाव गेलं की विमानाचं आणि वेगवान रेल्वेचं तिकीटही मिळत नाही.

डॉलर फंडांत ही जबाबदारी सहसा कंपनीपुरती असते. युआन फंडांत, विशेषतः ज्यांत सरकारी संस्थांचा पैसा आहे त्यांत, संस्थापकाचं नाव घालतात, कारण सरकारी पैसा बुडाला तर तिथल्या अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. डॉलर आटले आणि युआन वाढले, त्यामुळे हा धोका ज्यांच्या वाट्याला आला ते नेमके तरुण आहेत. संघबांधणीशी याचा थेट संबंध असा: सहसंस्थापक म्हणून नाव लागलं की या कलमावर त्याचीही सही मागतात. म्हणून बरेच चांगले इंजिनिअर आता 'सहसंस्थापक नको, पहिला कर्मचारी म्हणा' असं सांगतात. मागावं ते इतकंच: जबाबदारी माझ्या शेअरच्या किमतीपुरती, घर-बचत बाहेर, आणि फसवणूक सिद्ध झाली तरच त्यापुढे.

जुनी कंपनी सोडून नवी काढतानाही सावध. मूनशॉटच्या बाबतीत संस्थापकांच्या आधीच्या कंपनीतल्या गुंतवणूकदारांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये हाँगकाँगला लवादाचा अर्ज केला. मुद्दा हाच की आमची लेखी संमती न घेता नवी कंपनी आणि नवा पैसा. अर्ज नंतर मागे घेतला गेला. पण संमतिपत्र आधी, टर्मशीट (गुंतवणुकीच्या अटींचा पहिला कागद) मागाहून, हा क्रम पाळावा.

---

पाणंद

हार्डवेअरवर कुणी लिहिलं नाही म्हणून.

शेनचेनच्या नव्या पिढीचा नमुना म्हणजे जुन्या कंपनीतून आख्खा गट उठून येणं. थ्रीडी प्रिंटरवाली बांबू लॅब २०२० मध्ये डीजेआय या ड्रोन कंपनीतून बाहेर पडलेल्या पाच जणांनी काढली, पोर्टेबल बॅटरीवाल्या इकोफ्लोचे संस्थापकही डीजेआयच्या बॅटरी विभागातले. दुसरा नमुना गुरूने जुळवलेला संघ. हाँगकाँगच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठातले प्रा. ली झेशियांग, डीजेआयच्या फ्रँक वांग यांचे शिक्षक, यांनी २०१४ मध्ये तोंगक्वानच्या सोंगशान तलावाकाठी विद्यार्थ्यांसाठी केंद्र उभं केलं. तिथे आधी माणसं काही आठवडे एकत्र काम करतात, मग कोणाचं कोणाशी जमतं ते पाहून संघ ठरतो.

पहिल्या सात-आठ जणांत कोण असावं? उत्पादन ठरवणारा एक, यंत्ररचनेचा इंजिनिअर एक, इलेक्ट्रॉनिक्सचा एक, एम्बेडेडचे (यंत्रातल्या चिपसाठी सॉफ्टवेअर लिहिणारे) दोन, अल्गोरिदमचा एक, आणि पुरवठा साखळीचा एक. हा शेवटचा माणूस तरुण संस्थापक सर्वात उशिरा घेतात आणि तिथेच मार खातात.

कारण साधं आहे. सर्किट बोर्डाचा नमुना दोन-तीन दिवसांत हातात पडतो, चुकला तर पुन्हा मागवा. प्लास्टिकच्या साच्याचं तसं नाही. निम्मे पैसे आगाऊ, पहिला नमुना यायला महिना-दीड महिना. साच्यातलं पोलाद कापून भाग जाड करता येतो, पण भाग पातळ करायचा तर साच्यात धातू भरावा लागतो, वेल्डिंग आलं, पृष्ठभाग बिघडतो, कधी साचा नवा. म्हणून अनुभवी माणूस शंकेच्या जागी आधी भाग मुद्दाम पातळ ठेवतो. हे ज्ञान पदवीत मिळत नाही, कारखान्यात पंधरा वर्षं काढलेल्याकडे असतं. आणि तो असतो चाळिशीचा.

इथे पिढीचा खरा पेच येतो. पंचवीस-तिशीच्या संस्थापकाला पंचेचाळिशीच्या माणसाकडून काम करून घ्यायचं असतं, आणि त्या माणसाला शेअरपेक्षा महिन्याचा पगार आणि मुलांच्या शाळेची जास्त काळजी असते. त्याला ऑप्शनची (पुढे ठरलेल्या भावाने शेअर घ्यायच्या हक्काची) लालूच दाखवू नये. लेई जुन यांनी २०१० मध्ये शाओमी काढताना पगाराचे पर्याय ठेवले होते: पूर्ण पगार, थोडा कमी पगार आणि काही शेअर, किंवा खर्चापुरता पगार आणि जास्त शेअर. ज्याने त्याने घरची परिस्थिती पाहून निवडावं. ही पद्धत आजही सर्वात माणुसकीची वाटते. कधीकधी उलटी जोडीही जमते. एजीबॉट या रोबो कंपनीत (२०२३) १९९३ साली जन्मलेले फेंग चिह्वी तंत्र पाहतात आणि ह्वावेचे माजी उपाध्यक्ष तेंग थायह्वा कंपनी चालवतात.

---

निशिगंध_००

कर्मचाऱ्यांच्या बाजूने. दोन हजारनंतर जन्मलेली मुलं नोकरीत येताना कामगार कायदा वाचून येतात. छोट्या कंपन्या नेमक्या कुठे अडकतात ते सांगते.

लेखी करार एका महिन्यात झाला नाही तर दुसऱ्या महिन्यापासून दुप्पट पगार, जास्तीत जास्त अकरा महिने. 'अजून एचआर नाही' हे कारण चालत नाही. परिवीक्षा सहा महिन्यांची हवी तर करार किमान तीन वर्षांचा लागतो. एका वर्षाचा करार आणि सहा महिने परिवीक्षा लिहिली की फसलात. सामाजिक विमा नको, त्याऐवजी रोख द्या, असं दोघांनी आपखुशीने ठरवलं तरी ते रद्दबातल. १ सप्टेंबर २०२५ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निर्वचनानुसार त्या कारणाने राजीनामा देऊन भरपाईही मागता येते. आणि कामगार लवादाला फी नाही, त्यामुळे बावीस वर्षांची मुलगी वकिलाशिवाय अर्ज भरते.

९-९-६ (सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस) म्हणजे आठवड्याला ७२ तास. कायद्यात जादा काम महिन्याला ३६ तासांपर्यंतच. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालय आणि मनुष्यबळ मंत्रालयाने प्रत्यक्ष प्रकरणांची उदाहरणं प्रसिद्ध करून ते बेकायदेशीर असल्याचं सांगितलं, बाइटडान्सने त्याच महिन्यात एक आड एक रविवारचं काम बंद केलं. तास कमी झाले असं नाही म्हणत. पण आता पुरावा ठेवला जातो. चॅटमध्ये रात्री अकराला दिलेलं काम म्हणजे पुरावाच.

@सातबारा यांनी सांगितलेल्या २०१६ च्या कर सवलतीत एक खाच आहे. लाभ मिळणारे एकूण कर्मचाऱ्यांच्या ३० टक्क्यांवर जाऊ नयेत. दहा जणांच्या कंपनीत तिघेच! सगळ्यांना शेअर देऊ असं सांगणाऱ्या तरुण संस्थापकाने हे आधी तपासलं नाही तर सगळ्यांचाच लाभ पगार धरून ४५ टक्क्यांपर्यंतच्या दरात जातो.

---

ऊनपाऊस

डीपसीकबद्दल थोडं, कारण त्याची नक्कल करायला बरेच निघाले आहेत. लियांग वेनफेंग (१९८५) यांनी मुलाखतींत सांगितलंय की संघात मुख्यतः चीनमधल्याच नामांकित विद्यापीठांतले नुकते पदवीधर आणि पीएचडीच्या शेवटच्या वर्षांतले इंटर्न आहेत, कामाची आधी वाटणी नसते, आणि कल्पना तपासायला चिप वापरायची तर मंजुरी लागत नाही.

हे चाललं कारण मागे त्यांच्याच हाय-फ्लायर या फंडाचा पैसा होता. सुरुवातीला बाहेरचा गुंतवणूकदार नव्हता, शेअर परत घेण्याचं कलम नव्हतं, तिमाही महसूल दाखवायचा नव्हता. ज्याच्याकडे अठरा महिन्यांचा पैसा आणि एक ग्राहक आहे त्याने अननुभवी मुलं घेऊन वाटणी न करता काम सुरू केलं तर एकच प्रयोग तिघे करतात आणि ग्राहकाचा फोन कुणीच उचलत नाही. वीसपर्यंत माणसं असताना दर आठवड्याला एका पानावर 'कोण काय करतंय, कुठे अडलंय' हे सगळ्यांना दिसेल असं लिहिणं पुरतं. त्यापुढे मधली फळी लागतेच.

---

दख्खनी_वारा

सगळ्यांचे आभार. @ऊनपाऊस, फौजेचा मुद्दा मान्य. पण ओफो या भाड्याच्या सायकलींच्या कंपनीचं काय म्हणाल? दाई वेई १९९१ चे, पेकिंग विद्यापीठातले मित्र सोबत, धंदा मात्र रस्त्यावर सायकली टाकायचा, म्हणजे फौजेचाच. संस्थापक आणि अनेक गुंतवणूकदार, प्रत्येकाकडे नकाराधिकार. २०१७-१८ मध्ये स्पर्धक कंपनीशी विलीनीकरण अडलं आणि ग्राहकांची ९९ आणि १९९ युआनची अनामत अडकली ती आजतागायत. तिथे सायकली ठेवणारी, दुरुस्त करणारी, हरवलेल्या शोधणारी माणसं चालवण्याचा अनुभव संस्थापक गटात कुणालाच नव्हता. धंदा फौजेचा आणि संघ वर्गमित्रांचा, हे जमलं नाही.

---

तांबडमाती

पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी, कारण शेनचेनच्या संघासोबत काम करणारे किंवा तिथून माणूस आणू पाहणारे इथे बरेच असतील. वरचं सगळं जसंच्या तसं उचलू नका.

नोकरी सोडल्यावर स्पर्धक कंपनीत न जाण्याची अट आपल्याकडे करार कायद्याच्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही. चीनमध्ये वरिष्ठ पदांवरच्या आणि गोपनीय माहिती असलेल्या कर्मचाऱ्यांवर ती दोन वर्षांपर्यंत टिकते, मात्र दरमहा मोबदला द्यावा लागतो. रक्कम ठरलेली नसेल तर आधीच्या बारा महिन्यांच्या सरासरी पगाराच्या ३० टक्के. तीन महिने दिला नाही तर माणूस न्यायालयाकडून अट रद्द करून घेऊ शकतो. म्हणून तिथल्या मोठ्या कंपनीतला माणूस घेण्याआधी चार कागद मागा: जुन्या कंपनीचा मूळ करार, सोडतानाचं पत्र (अट लागू केली की माफ केली हे त्यातच असतं), मोबदला जमा होतोय का ते दाखवणारी बँकेची नोंद, आणि पेटंटच्या अर्जांत त्याचं नाव. नोकरी सोडल्यापासून एका वर्षाच्या आत जुन्या कामाशी संबंधित शोध लावला तर तो जुन्या कंपनीचा धरला जातो.

मोबदला घेत असतानाच कुणी 'दुसऱ्याच कंपनीच्या नावाने पगार द्या' म्हणत असेल तर नाही म्हणा. जुन्या कंपन्या नव्या कचेरीच्या पत्त्यावर कुरिअर पाठवून त्याची सही घेतात, दारात व्हिडिओ काढतात. दंडाची रक्कम घेतलेल्या मोबदल्याच्या कितीतरी पट असते, आणि नव्या कंपनीलाही प्रतिवादी करतात.